रिॲक्ट नेटिव्हचं जुनं आर्किटेक्चर बंद, वर प्लेचा १६ केबीचा नियम: अपग्रेडचं काय करताय?

कोडगा (कोथरूड)

व्यनितून (खाजगी निरोपांतून) आणि टपरीवर तोच प्रश्न फिरतोय, म्हणून सरळ धागाच काढतो.

ज्यांच्या कानावर नसेल त्यांच्यासाठी: रिॲक्ट नेटिव्ह म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवायचं फ्रेमवर्क. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची ०.८२ ही आवृत्ती आली आणि त्यात जुनं आर्किटेक्चर (जावास्क्रिप्ट आणि फोनचा मूळ कोड यांना 'ब्रिज'ने जोडणारी आतली रचना) चालवायची सोय काढून टाकली. नवं आर्किटेक्चर ०.७६ पासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासूनच डीफॉल्ट होतं. पण ग्रेडल प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमध्ये 'न्यू आर्च एनेबल्ड'ला फॉल्स केलं की आपलं जुनं चालू राहायचं. आता तिथे फॉल्स लिहा नाहीतर हनुमान चालिसा लिहा, फ्रेमवर्क ढुंकूनही बघत नाही.

दुसरीकडे प्ले स्टोअर. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट (ज्या अँड्रॉइडसाठी ॲप बनवलंय असं जाहीर करतो ते) असलेलं कुठलंही नवीन ॲप किंवा अपडेट १ नोव्हेंबर २०२५ पासून ६४ बिट फोनवर १६ केबी मेमरी पेजला चाललंच पाहिजे. टार्गेट खाली ठेवून पळवाट काढावी म्हटलं, तर ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेटला एपीआय ३५ सक्तीचं, म्हणजे पुन्हा अँड्रॉइड १५ च.

आमच्या दोघांच्या दुकानात दोन ॲप्स ०.७१ वर अडकलीत. एक अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्याचं. त्यात कॅटलॉग आणि ऑर्डर यापलीकडे काही नाही, ते होईल. दुसरं मंचरकडच्या दूध संकलन केंद्रांचं. त्यात ब्लूटूथ काटा, ब्लूटूथ थर्मल प्रिंटर, रेंज नसताना चालणारा एनक्रिप्टेड डेटाबेस, कॅमेऱ्याने सभासद कार्ड स्कॅन करणं आणि कोडपुश (प्लेला न जाता ॲपचा जावास्क्रिप्ट कोड परस्पर अपडेट करणारी सोय), असा सगळा संसार आहे. आधी रिॲक्ट नेटिव्ह वर न्यायचं की आधी १६ केबी मिटवायचं? केलेल्यांनी सांगा.

फडफडी (वाकड)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फ्लटर या गूगलच्या फ्रेमवर्कवर या, सुखी व्हा. ब्रिज नाही, आर्किटेक्चर नवं-जुनं नाही. इम्पेलर हे पडद्यावर चित्र काढणारं नवं इंजिन आयफोनवर २०२३ मध्येच डीफॉल्ट झालं, अँड्रॉइडवर ३.२७ पासून. आम्ही निवांत.

घाटवाट (पाषाण)

फडफडीभाऊ, दर धाग्यावर ही जिलबी पाडलीच पाहिजे का? १६ केबीचा नियम फ्लटरला माफ नाही. तुमचं इंजिन ठीक असेल, पण प्लगइनच्या पोटात कुणाची तयार बायनरी असली की दुखणं तेच. प्रिंटरवाल्याने दिलेली डॉट एसओ फाइल (यंत्रभाषेत आधीच बांधलेला कोड) तुमची डार्ट भाषा काय दुरुस्त करणार?

फडफडी (वाकड)

हलके घ्या हो. पण मान्य, प्लगइनचं आम्हालाही भोगावं लागलंय.

मीनल_बा (बाणेर)

मुद्द्यावर येते. 'आधी कुठलं' याचं उत्तर आवृत्तीनेच दिलंय. हर्मिस (जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) आणि रिॲक्ट नेटिव्हच्या बाकीच्या स्वतःच्या डॉट एसओ फाइल्स १६ केबीला जुळवून मिळतात त्या ०.७७ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून. ०.७१ वर बसून १६ केबी होणारच नाही, तुमचा कोड कितीही स्वच्छ असो.

राहिलं किती वर जायचं ते. थेट ०.८२ वर उडी मारू नका, ०.८१ वर थांबा. ते १६ केबी पाळतं, टार्गेट अँड्रॉइड १६ चं देतं आणि जुनं आर्किटेक्चर अजून चालवू देतं. ते घेऊन प्लेची कटकट एकदाची मिटवा. ॲप लोकांच्या हातात नीट चाललं की त्याच ०.८१ वर नवं आर्किटेक्चर चालू करा, जे फुटेल ते निस्तरा आणि मगच ०.८२ ला हात लावा. रिॲक्ट नेटिव्हच्या टीमनेही ०.८१ वर नवं चालू करून मग पुढे या असंच सुचवलंय. एक्स्पो (रिॲक्ट नेटिव्हवर बांधलेला साधनसंच) वापरत असाल तर हाच थांबा म्हणजे एसडीके ५४. जुनं आर्किटेक्चर चालवणारा तो शेवटचा.

दोन्ही बदल एकाच ब्रँचवर केलेत तर ॲप उघडताना पडल्यावर कळणार नाही की पेज साइझने पडलं की टर्बो मॉड्यूलने (नव्या आर्किटेक्चरमध्ये फोनच्या मूळ कोडशी जोडणारा भाग). आमच्याकडे एका टीमने तसं केलं, आणि लॉगकॅट (फोनच्या नोंदी) वाचून वाचून पोरांचे डोळे गेले.

०.८२ पलीकडचा रस्ता तसा सरळ आहे. डिसेंबर २०२५ मधल्या ०.८३ मध्ये वापरणाऱ्याचा कोड मोडणारा एकही बदल नाही, असं त्यांनीच जाहीर केलंय.

अभ्यासू_पेठकर (सदाशिव पेठ)

मीनलताईंना +१. फक्त 'पेज साइझ' म्हणजे काय हे न समजता अपग्रेड करणाऱ्यांची संख्या बघता थोडं पाल्हाळ लावतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा, आम्हाला राग येणार नाही.

पेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी वाटते ते एकक. अँड्रॉइडवर आजवर ते ४ केबी होतं. डॉट एसओ फाइलचे लोड होणारे तुकडे या मापाच्या सीमेवर बसवलेले असतात. सीमा ४ केबीची आणि फोन १६ केबीचा, की लोडरला ते तुकडे जागेवर बसवता येत नाहीत आणि ॲप उघडतानाच आडवं होतं. मोठ्या पेजमुळे कर्नलला नोंदी कमी ठेवाव्या लागतात. मेमरीवर ताण असताना ॲप सुरू व्हायला सरासरी ३.१६ टक्के कमी वेळ लागतो आणि सुरू होताना वीज सरासरी ४.५६ टक्के कमी जाते, असे गूगलचे स्वतःचे आकडे आहेत. मेमरी थोडी जास्त खर्च होते, ही त्याची किंमत.

तपासणी सोपी आहे. रिलीज एपीके अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये टाका, लिब फोल्डर उघडा. जी फाइल जुळलेली नाही तिच्यासमोर अलाइनमेंटचा इशारा दिसतो. मग एम्युलेटरची १६ केबीवाली सिस्टिम इमेज उतरवून त्यावर ॲप चालवा. एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) शेलमध्ये 'गेटकॉन्फ पेज साइझ' विचारलं की १६३८४ यायला हवं. ४०९६ आलं तर तुम्ही जुन्याच इमेजवर आहात आणि सगळं छान चालल्याचा आनंद फुकट आहे.

स्वतःचा सी प्लस प्लस कोड असेल तर एनडीके (असा कोड अँड्रॉइडसाठी बांधायची साधनं) २८ ने पुन्हा बांधा, जुळणी आपोआप होते. दुसऱ्याने बांधून दिलेल्या बायनरीला मात्र इलाज नाही. ती नवी मागा नाहीतर टाका.

कोडगा (कोथरूड)

दंडवत घ्या दोघांनी. लगेच ॲनालायझर लावला. हर्मिस वगैरे ०.७१ ची मंडळी बाजूला ठेवली तर तीन गुन्हेगार उरतात: प्रिंटरच्या कंपनीची लायब्ररी, एसक्यूएल सायफर (डेटाबेस एनक्रिप्ट करणारी लायब्ररी) आणि कॅमेऱ्याची लायब्ररी. आपण लिहिलेल्या कोडमध्ये एकही नाही.

मीनल_बा (बाणेर)

नसणारच. आजवर जेवढी ॲप्स बघितली त्यात जावास्क्रिप्ट बदलायला लागणारा वेळ किरकोळ होता. सगळा वेळ लायब्ऱ्यांनी खाल्ला.

तुमचा कॅमेरा म्हणजे जुनं 'रिॲक्ट नेटिव्ह कॅमेरा' ना? त्याच्यावर 'वापरू नका' असा शिक्का केव्हाच बसलाय, व्हिजन कॅमेऱ्यावर जा. एसक्यूएल सायफरचं 'अँड्रॉइड डेटाबेस एसक्यूएल सायफर' हे जुनं पॅकेजही त्यांनीच मोडीत काढलंय, आता 'एसक्यूएल सायफर अँड्रॉइड' घ्यायचं. नावं उलटसुलट वाटतील, पण पॅकेजेस वेगळी आहेत. जुन्या पासवर्डने जुनी फाइल उघडतेय का, हे खऱ्या केंद्रावरच्या डेटाची प्रत घेऊन बघा. रिकाम्या डेटाबेसवर सगळंच चालतं.

आणि कोडपुश अजून आहे? ते चालवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप सेंटर ३१ मार्च २०२५ ला बंद झालं. मग तुमचे अपडेट येतात कुठून?

कोडगा (कोथरूड)

मायक्रोसॉफ्टने सर्व्हरचा कोड खुला केला होता, तो आमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) बसवलाय. चालतोय बिचारा.

मीनल_बा (बाणेर)

सर्व्हर चालेल हो, पण फोनमधलं कोडपुशचं पॅकेज नव्या आर्किटेक्चरला चालत नाही, त्यांनीच लिहून ठेवलंय. ०.८१ च्या थांब्यावर असतानाच त्याची सोय लावा. एक्स्पोचं अपडेट पॅकेज पूर्ण एक्स्पोवर न जाताही बसवता येतं.

रिकामटेकडा (हडपसर)

एवढा खटाटोप कशाला? एपीके व्हॉट्सॲपवर टाका. दूधवाल्यांना प्ले स्टोअरचं काय पडलंय?

घाटवाट (पाषाण)

आज चालतंय. पण प्लेबाहेरून ॲप टाकायचं असलं तरी डेव्हलपरची ओळख पटवून घ्यायची, असं गूगलने जाहीर केलंय. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, बाकीच्या देशांना २०२७ पासून. ओरड झाल्यावर जाणकारांना स्वतःच्या जबाबदारीवर ॲप टाकायची वेगळी वाट ठेवू म्हणाले, पण ती वाट संकलन केंद्रावरच्या माणसाला फोनवरून समजावून बघा एकदा.

जुना_फोनगॅपी (कर्वेनगर)

आमच्या हयातीत ॲप्स बनवायची अशीच साधनं एकेक करून गेली: फोनगॅप बिल्ड गेलं (१ ऑक्टोबर २०२०), झामरिनचा सपोर्ट गेला (१ मे २०२४), आयोनिकच्या कंपनीने २०२५ मध्ये विकायच्या सेवा आवरत्या घेतल्या. दर वेळी लोक म्हणाले हे काही कुठे जात नाही. आता रिॲक्ट नेटिव्ह मेटाच्या हातातून फाउंडेशनकडे चाललंय म्हणतात. म्हणजे मेटाने अंग काढून घेतलं, असा आपला सरळ अर्थ.

अभ्यासू_पेठकर (सदाशिव पेठ)

काका, अर्थ इतका सरळ नाही. ७ ऑक्टोबर २०२५ ला घोषणा झाली ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रिॲक्ट फाउंडेशन काढण्याची. त्यात रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह दोन्ही. संस्थापक म्हणून ॲमेझॉन, कॉलस्टॅक, एक्स्पो, मेटा, मायक्रोसॉफ्ट, सॉफ्टवेअर मॅन्शन आणि व्हर्सेल यांची नावं जाहीर झाली. मेटाने पाच वर्षांची भागीदारी आणि ३० लाख डॉलरहून जास्त निधी कबूल केलाय. यातल्या कॉलस्टॅक, एक्स्पो आणि सॉफ्टवेअर मॅन्शन यांचं पोटच रिॲक्ट नेटिव्हवर आहे. ज्यांचं पोट आहे ते टेबलाशी बसलेत, यात मला तरी वाईट दिसत नाही.

जुना_फोनगॅपी (कर्वेनगर)

फोनगॅपचा कोडही अपाचेकडे कॉर्डोवा म्हणून गेला होता. अजून आहे. आमच्या क्लायंटच्या मात्र कुणाच्याच फोनमध्ये नाही.

अभ्यासू_पेठकर (सदाशिव पेठ)

हा मुद्दा मान्य.

निशाचर (विमाननगर)

अवांतर वाटेल, पण महत्त्वाचं आहे. ०.७१ वाल्यांनी सुरक्षेचं बघितलंय का? सीव्हीई-२०२५-११९५३ (सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंद क्रमांक), नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, गंभीरता १० पैकी ९.८. मेट्रो (काम करताना कोड बांधून फोनला देणारं साधन) चालू केलं की कम्युनिटी सीएलआयचा (कमांड लाइन साधनाचा) डेव्ह सर्व्हर फक्त तुमच्या मशीनपुरता न राहता नेटवर्कवरच्या सगळ्यांना दिसतो. त्यातल्या युआरएल उघडणाऱ्या एका पत्त्यावर बाहेरून रिक्वेस्ट पाठवून तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवता येत होता. विंडोजवर तर वाट्टेल ती शेल कमांड. 'सीएलआय सर्व्हर एपीआय' या पॅकेजच्या ४.८.० पासून पुढच्या आवृत्त्यांत हे भोक होतं, २०.०.० मध्ये बुजवलं.

बाणेर-बालेवाडीच्या कोवर्किंगमध्ये पन्नास जण एकाच वायफायवर बसून मेट्रो चालवतात. अपग्रेड होईपर्यंत निदान होस्ट १२७.०.०.१ देऊन सुरू करा. खरा फोन यूएसबीने जोडून एडीबी रिव्हर्स केलं की काम अडत नाही.

कोडगा (कोथरूड)

हे माहीत नव्हतं. आत्ताच होस्ट बदलला. धन्यवाद, निशाचर.

आता प्रिंटरचं बघू. ज्यांच्याकडून घेतला त्यांना मेल टाकली. उत्तर आलं, "ते मॉडेल बंद झालं, नवीन प्रिंटर घ्या." केंद्रं इतकी आहेत की नवीन प्रिंटर म्हटलं तर दूध संघवाले मलाच बदलतील. ती डॉट एसओ करते काय, तर देवनागरी मजकुराचं चित्र करून प्रिंटरला देते, कारण प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही.

घाटवाट (पाषाण)

थांबा, एवढ्यासाठी बायनरी लागतेय? ५८ मिलिमीटरचा साधा ईएससी-पॉस (पावती प्रिंटरची प्रचलित आज्ञाभाषा) प्रिंटर आहे ना?

कोडगा (कोथरूड)

हो, तोच.

घाटवाट (पाषाण)

मग ती लायब्ररी काढून फेका. हे काम अँड्रॉइड स्वतः फुकट करतं, आणि निव्वळ कॉटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत केलं की तुमची स्वतःची डॉट एसओ उरत नाही, १६ केबीचा संबंधच संपतो.

या प्रिंटरचा छपाईचा पट्टा ४८ मिलिमीटर, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ओळीला ३८४ ठिपके. ३८४ रुंदीचा बिटमॅप घ्या, पांढरा भरा, त्यावर स्टॅटिक लेआउटने मजकूर काढा. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं अँड्रॉइडचं टेक्स्ट इंजिन बघून घेतं. मग प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवून आठ ठिपक्यांचा एक बाइट करा. एका ओळीला ४८ बाइट. पुढे जीएस, व्ही, शून्य ही रास्टर कमांड, रुंदी बाइटमध्ये, उंची ठिपक्यांत, आणि मागून सगळे बाइट ब्लूटूथ सॉकेटवर सोडा.

दोन ठिकाणी ठेच लागते. एक, स्टॅटिक लेआउटला फॉन्ट पॅडिंग चालू ठेवा. कागद वाचवायला ते बंद केलं आणि ओळींमधलं अंतरही आवळलं की 'किती' मधल्या वेलांटीचा माथा आणि 'रु' चा उकार कापला जातो. दोन, स्वस्त प्रिंटरचा बफर बारका असतो. सगळं चित्र एकदम ढकललं तर पावतीच्या मध्येच कचरा छापतो. चित्राच्या आडव्या पट्ट्या करा आणि प्रत्येकीला स्वतंत्र रास्टर कमांड द्या.

मीनल_बा (बाणेर)

आणि ते मॉड्यूल नव्याने लिहितच आहात तर टर्बो मॉड्यूल म्हणूनच लिहा, स्पेक फाइल टाइपस्क्रिप्टमध्ये, बाकी जोडकोड कोडजेन हे साधन बनवतं. पुढच्या टप्प्यात पुन्हा हात लावायला नको. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ कनेक्टची परवानगी चालू ॲपमध्ये मागावी लागते, तीही बघा. ०.७१ च्या काळातल्या कोडमध्ये बऱ्याचदा फक्त लोकेशनची परवानगी मागितलेली असते.

मंचरकर (मंचर)

इथे पहिल्यांदाच लिहितोय, आजवर वाचनमात्र होतो. आमचं घरचंच संकलन केंद्र आहे. कोडगादादांचं ॲप आमच्याकडे आहे की नाही सांगत नाही, पण एक विचारतो. आमच्याकडे एक जुना फोन अँड्रॉइड ६ चा आहे. त्याच्यावर हे नवीन चालणार का?

मीनल_बा (बाणेर)

नाही, दादा. रिॲक्ट नेटिव्ह ०.७६ पासून अँड्रॉइड ७ च्या खाली चालत नाही. त्या फोनवर आहे ती आवृत्ती चालत राहील, नवीन अपडेट येणार नाही. फोन बदलायचा झाला तर कोडगांनी संघाला आधीच कळवावं, ऐन सकाळच्या संकलनाला नको.

निशाचर (विमाननगर)

प्रोजेक्टचा सांगाडा कसा करताय? ०.७१ ते ०.८१ चा फरक अपग्रेड हेल्पर या आवृत्त्यांतले फरक दाखवणाऱ्या साइटवर उघडून बघितला तर ब्राउझरच दम टाकतो.

मीनल_बा (बाणेर)

इतकं अंतर असेल तर फरक जुळवत बसू नये. ०.८१ चा कोरा प्रोजेक्ट काढायचा, पॅकेजचं नाव आणि ॲपवर सही करायची किल्ली (साइनिंग की) तीच ठेवायची, जावास्क्रिप्टचं फोल्डर उचलून आणायचं आणि लायब्ऱ्या एकेक करून घालायच्या. मेन ॲप्लिकेशन ०.७३ पासून कॉटलिनमध्ये आहे, जुनी जावाची फाइल चिकटवायला जाऊ नका. नोड २० लागेल. लायब्ररी घालण्याआधी रिॲक्ट नेटिव्ह डिरेक्टरीत तिच्यासमोर नव्या आर्किटेक्चरचा शिक्का आहे का ते बघा. नसेल तर इंटरॉप लेयरवर (जुन्या लायब्ऱ्या नव्यावर चालवणाऱ्या थरावर) चालतंय का बघायचं. तो लेयर इतक्यात काढणार नाहीत असं म्हणालेत, पण त्याच्या भरवशावर नवीन काम करू नये. रीॲनिमेटेड या ॲनिमेशनच्या लायब्ररीचा ४ नंबर फक्त नव्यावर चालतो, त्यामुळे या थांब्यावर ३ च राहू द्या.

फडफडी (वाकड)

मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. पैसे कोण देणार?

कोडगा (कोथरूड)

पुस्तकवाले म्हणाले, "ॲप तर चालतंय की. मग बिल कसलं?"

जुना_फोनगॅपी (कर्वेनगर)

पुणेकर ग्राहक आहे, चूक काय त्याचं? फ्रेमवर्क तुम्ही निवडलंत.

घाटवाट (पाषाण)

काका, त्याने कशातही लिहिलं असतं तरी प्लेचं टार्गेट दरवर्षी सरकतंच. वार्षिक देखभालीच्या करारात 'स्टोअरच्या नियमांमुळे कराव्या लागणाऱ्या बदलांचा खर्च वेगळा' हे वाक्य आम्ही छापूनच ठेवलंय. ज्यांच्या करारात नाही त्यांना एवढंच सांगा: टार्गेट एपीआय ३४ च्या खाली राहिलं तर नव्या अँड्रॉइडचा फोन घेतलेल्या नवीन गिऱ्हाइकाला तुमचं ॲप प्ले स्टोअरमध्ये दिसणारच नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना हे ऐकलं की अप्पा बळवंत चौकात पाकीट आपोआप उघडतं.

अभ्यासू_पेठकर (सदाशिव पेठ)

आणि वेळ कमी पडत असेल तर १६ केबीसाठी प्ले कन्सोलमधून ३१ मे २०२६ पर्यंतची मुदतवाढ मागायची सोय दिली आहे. ती घेऊन झोपू नये एवढंच.

कोडगा (कोथरूड)

पुस्तकवाल्यांचं ॲप ०.८१ वर आलं, इंटर्नल टेस्टिंगला टाकलंय. प्ले कन्सोलच्या बंडल एक्सप्लोररमध्ये १६ केबीला सपोर्ट दाखवतंय. पैशाचं जूनचं वाक्य वापरलं, अर्धे कबूल झाले.

दूधवाल्या ॲपची नवी कॉटलिन छपाई जुन्या प्रिंटरवर बघितली. पट्ट्या केल्याशिवाय खरंच कचरा येत होता, आता पावती नीट येते: सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. घाटवाट, तुम्हाला एक मिसळ लागू. कोडपुश या आठवड्यात काढतोय, नवं आर्किटेक्चर त्यानंतर.

घाटवाट (पाषाण)

मिसळ कुठली ते आम्ही ठरवणार.

मंचरकर (मंचर)

दादा, पावती बदलताच आहात तर फॅट आणि रक्कम जरा मोठ्या अक्षरात घ्या. आमच्याकडे म्हातारी माणसं येतात, त्यांना दिवसाउजेडीसुद्धा वाचता येत नाही. आणि खाली एक ओळ रिकामी सोडा, फाडताना रक्कमच फाटते.

कोडगा (कोथरूड)

म्हणजे ॲप तुमच्याकडे आहे तर! दोन्ही करतो. कागद फाडायच्या आधी तीन ओळी पुढे सरकवतो, म्हणजे कापणीच्या दातांपर्यंत येईल.